मुलाच्या कादंबरीतले वडील आणि बारावीनंतरचा निर्णय

सप्रेम नमस्कार.

नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात नोकरी करून आपण मुलाला इंजिनीअरिंगच्या तयारीसाठी क्लास लावला, आणि बारावीच्या ऐन मध्यावर त्याच्या कपाटात आपल्याला एक जाड वही सापडली. कडक वडिलांच्या धाकात वाढणाऱ्या, चोरून कविता करणाऱ्या एका हळव्या मुलाची ती कादंबरी आहे. तिच्यातले दोन उतारे उतरवून पाठवत आपण विचारले आहे, की हा मुलगा अभ्यासातून पळ काढतो आहे का, आणि त्याला मराठी घेऊन बी.ए. करू दिले तर पुढे त्याचे काय होईल. कादंबरीतले वडील म्हणजे आपणच, असे गृहीत धरून आपण दुखावला आहात, हेही पत्रात जागोजागी जाणवते.

त्या दुखण्याविषयी आधी लिहिते. पहिल्या उताऱ्यात वडील कवितेचा कागद फाडतात, पण दुसऱ्यात तेच वडील रात्री उशिरा, कोणाला न सांगता, मुलाच्या सायकलची साखळी बसवून ठेवतात आणि मुलगा ते खिडकीतून पाहतो. केवळ राग काढण्यासाठी लिहिणाऱ्याने हा दुसरा प्रसंग लिहिला नसता. ज्याचा धाक वाटतो त्याच्याही मनात शिरून पाहण्याची ही इच्छा सतराव्या वर्षी फार थोड्यांकडे असते, आणि मला तरी ती लेखनाची खरी खूण वाटते. वही आपण वाचली हे त्याला आपणहून सांगा, ती परत द्या, आणि न विचारता वाचल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करा. त्याच्या परवानगीवाचून मी उताऱ्यांवर याहून अधिक बोलणार नाही.

आता शिक्षणाचे. या टप्प्यावर शाखा बदलू नये, कारण वर्ष वाया जाईल आणि हाती काही लागणार नाही. विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्याला बी.ए.ला प्रवेश घेता येतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चची परीक्षा नीट दिली तर दोन्ही वाटा खुल्या राहतात. कॉलेज रोडवरच्या एचपीटी महाविद्यालयात, जिथे कुसुमाग्रजही शिकले, त्याला घेऊन जा आणि मराठी व इंग्रजीच्या प्राध्यापकांना त्याच्यासमोर प्रश्न विचारा.

मिळकतीबद्दल मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. मराठीत केवळ कविता-कादंबऱ्यांवर घर चालवणारे लेखक अगदी मोजके आहेत. एम.ए.नंतर नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही अनेकांना वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवावे लागते, म्हणून फक्त प्राध्यापकीवर भिस्त ठेवू नये. मात्र भाषा उत्तम येणाऱ्याला अनुवाद, प्रकाशन संस्थेतील संपादन, वृत्तपत्र, जाहिरात, मालिका-चित्रपटांचे लेखन आणि बी.एड. करून शाळेतील अध्यापन अशी कामे असतात. स्पर्धा परीक्षेकडे वळल्यास यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो. यांपैकी बहुतेक कामांना इंग्रजीही पक्के लागते, आणि पदवीच्या तीन-चार वर्षांत त्यावर मेहनत घेतली नाही तर आपली काळजी खरी ठरू शकते, हे त्याच्याही कानावर घाला.

आपल्या मोठ्या कवींनीही अर्थार्जनाची सोय वेगळी ठेवली होती. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते, अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक होते, आणि कुसुमाग्रजांनी पदवीनंतर चित्रपटात व वृत्तपत्रांत काम केले. त्यामुळे इंजिनीअरिंग केले तर लेखन संपेल, असे मी म्हणत नाही. परंतु गणितात त्याला गोडी नाही आणि गुणही जेमतेम आहेत, हे आपणच लिहिले आहे, आणि तसे असताना चार वर्षांची फी भरून त्याला त्याच विषयाशी बांधून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

तो पळ काढतो आहे का, याचे उत्तर वहीतच आहे. वर्षभर, कोणी न सांगता, दोनशे पाने लिहून काढणाऱ्या मुलाला कष्टाचे वावडे नसते. परीक्षेपर्यंत रोज तासभर लेखनासाठी मोकळा द्या आणि उरलेल्या वेळेत अभ्यासाची अपेक्षा स्पष्ट शब्दांत सांगा. आपली शिस्त त्याच्या उपयोगीच पडेल. फक्त कवितेवरची बंदी उठवा.

परीक्षा झाल्यावर दोघेही मला भेटायला या. त्याचा कल कशाकडे आहे हे पाहणारी अभिरुची चाचणी तेव्हा घेऊ, आणि वही आणायची की नाही, हे त्याला ठरवू द्या.