सॅबॅट, एस्बॅट आणि ‘न्यू मून’

प्रश्न : विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथाच्या ऋतुसणांवरचा एक लेख मी मराठीत आणते आहे. ‘सॅबॅट’ला सण आणि ‘एस्बॅट’ला पौर्णिमा म्हटले तर चालेल का? ‘न्यू मून’ म्हणजे अमावास्याच ना? आणि ३१ ऑक्टोबरच्या सणाचे नाव ‘सॅम्हेन’ असेच लिहायचे का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. ‘सॅम्हेन’ नको, ‘साउइन’ लिहा. नाव आयरिश आहे. त्या भाषेच्या लेखनात व्यंजनापुढचा एच महाप्राण दाखवत नाही. ते व्यंजन मृदू झाल्याची ती खूण असते आणि एमचा उच्चार ‘व’कडे सरकतो. आपल्याकडे म्हैस, म्हातारा यांत ‘म्ह’ स्पष्ट ऐकू येतो, म्हणून रोमन अक्षरे पाहून ‘म्हे’ वाचावेसे वाटते. आजच्या आयरिशमध्ये नोव्हेंबर महिन्यालाही हेच नाव आहे, आणि मे व ऑगस्ट यांची नावेही बेल्टेन आणि लूनसा या सणांचीच.

सगळी नावे इतकी रुळलेली नाहीत. शरदसंपाताच्या (सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाच्या) सणाला ‘माबॉन’ हे नाव अमेरिकेतल्या एडन केली यांनी १९७४च्या सुमारास दिले, तेही एका वेल्श कथेतल्या पात्राचे. मूळ लेखात ‘माबॉन हा प्राचीन केल्टिक सण’ असे असेल तर तळटीप जरूर द्या.

आता सॅबॅट. वर्षात असे आठ दिवस येतात आणि ते सूर्याशी बांधलेले असतात : दोन अयनदिन (सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस), दोन संपातदिन आणि त्यांच्या मधले चार. ‘सण’ म्हणायला माझी हरकत नाही. ‘ऋतुसण’ अधिक नेमके होईल. मात्र हिवाळ्यातल्या ‘यूल’ या सणाला संक्रांत म्हणू नका. आपली मकरसंक्रांत निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या, गणनेने १४-१५ जानेवारीला येते, यूल प्रत्यक्ष अयनदिनी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला. ‘उत्तरायणारंभ’ म्हणावे तर तेही सगळीकडे चालत नाही. ऑस्ट्रेलियातले बरेच विक्कन यूल जूनमध्ये पाळतात, कारण त्यांचा हिवाळा तेव्हा असतो, आणि त्या दिवशी सुरू होते ते दक्षिणायन. म्हणून नाव ‘यूल’च ठेवावे आणि दिवस कंसात सांगावा.

सॅबॅट या शब्दाची कुळी हिब्रू ‘शब्बाथ’पर्यंत, म्हणजे विश्रांतीच्या दिवसापर्यंत जाते. कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवत आणि ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात, तो हाच दिवस. मध्ययुगीन युरोपात ज्यूंविषयीच्या द्वेषातून हा शब्द चेटकिणींच्या कथित मेळाव्यांना चिकटवला गेला. विसाव्या शतकात विक्कनांनी तो आपल्या सणांसाठी अभिमानाने घेतला. इतका प्रवास पाठीशी असलेला शब्द लेखात एकदा तरी मूळ रूपात यावा असे मला मनापासून वाटते.

एस्बॅट हा चंद्राशी जोडलेला मेळावा. मार्गारेट मरे यांनी १९२१च्या आपल्या ग्रंथात तो वापरला आणि जुन्या फ्रेंचमधल्या मौजमजा करणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला. तो बहुधा पौर्णिमेला भरतो, पण काही गट नव्या चंद्रालाही जमतात. त्यामुळे ‘पौर्णिमा’ हा अर्थ तोकडा पडतो. ‘चांद्र मेळावा’ कसे वाटते?

खरी काळजी ‘न्यू मून’शी घ्यायला हवी. खगोलाच्या तक्त्यात न्यू मून हा सूर्य-चंद्राच्या युतीचा क्षण असतो, म्हणजे आपल्या पंचांगात अमावास्या संपून शुद्ध प्रतिपदा लागते तो क्षण. पण अनेक विक्कन ‘डार्क मून’ आणि ‘न्यू मून’ वेगळे मानतात. चंद्र अजिबात दिसत नाही ते डार्क मून, आणि युतीनंतर संध्याकाळी पश्चिमेला पहिली कोर दिसते ते न्यू मून. अशा लेखात डार्क मूनला अमावास्या म्हणा आणि न्यू मूनला ‘पहिली चंद्रकोर’ किंवा ‘बीजेची कोर’. तिथे दोन्हींना अमावास्या म्हटले तर नव्या कामाचा संकल्प करण्याचा विधी नेमक्या उलट्या रात्री जाऊन पडेल. चढत्या-उतरत्या कलांसाठी शुद्ध आणि वद्य पक्ष हे शब्द आपल्याकडे तयारच आहेत, ते बिनदिक्कत वापरा.

अमावास्येबरोबर मराठीत भुताखेतांची सावली येते, हे खरे. डार्क मून त्यांच्याकडे अंतर्मुख होण्याचा, जुने सोडून देण्याचा काळ मानतात. तेवढे एक वाक्य घातले की वाचक चुकीच्या वाटेला जाणार नाही.

आणि तारखा. लंडनमध्ये रात्री आठ वाजता झालेली पौर्णिमा भारतात पुढच्या तारखेवर जाते. मूळ लेखातली तारीख आपल्या दिनदर्शिकेशी जुळली नाही तर ती बदलू नका, सोबत ‘ब्रिटनमधील वेळेनुसार’ एवढे लिहा.