विचारा की! : आजेसासूचं माहेरचं नाव, बाबांचा आवाज आणि तापट आई

पितृपक्षाच्या अंकासाठी घरातल्या गेलेल्या माणसांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि मला वाटलं विधी, तिथी, नैवेद्य हेच प्रश्न येतील. पण निम्म्याहून जास्त पत्रं निघाली फोटो, मोबाईल, वंशावळ आणि भावंडांच्या भांडणांची. बरंच झालं, तिथी काय पंचांगात मिळते. नाव छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय म्हणून फक्त गावं देतेय.

ताई, आमच्या चुलत सासऱ्यांनी कुळाची वंशावळ छापून घेतली, भारीतल्या कागदावर, सगळ्या घरांत वाटली. तीत एकाही बाईचं नाव नाही. माझ्या आजेसासूनं नवरा तरणाताठा गेल्यावर पोरं आणि शेती दोन्ही ओढलं, आणि ती त्या झाडावर कुठेच नाही. आखाजीला घागर भरताना सासूबाई तिला "मोठी माय" म्हणतात, बस. सासरचं नाव कळलं, पण तिचं माहेरचं नाव, गाव कुणाला धड सांगता येत नाही. कुठून शोधू? – चाळीसगाव

पहिलं काम, माळ्यावरची भांडी खाली काढा. हसू नका, खरंच सांगतेय. तांब्या-पितळेच्या हंड्याकळशांवर लग्नात देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी तारीख कोरलेली असते, आणि माहेरहून आलेलं भांडं बायका सहजासहजी मोडीत घालत नाहीत. घासून घासून अक्षरं पुसट झाली असतील तर वरून थोडं पीठ चोळा आणि बॅटरीचा उजेड आडवा पाडून बघा, दिसतात.

मग आहेराच्या वह्या. तुमच्या सासऱ्यांच्या लग्नाची वही कुणाच्या तरी ट्रंकेत असेलच, कुणी किती रुपये दिले, कुठल्या गावचे पाहुणे, सगळं त्यात ओळीनं असतं. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला "आजीचं माहेर कुठलं" असं विचारण्यापेक्षा असं विचारा की सासऱ्यांच्या लग्नात मामा म्हणून मागे कोण उभं होतं? कारण तो मामा म्हणजे तुमच्या आजेसासूचा भाऊ, सख्खा नाहीतर चुलत. नाव विसरलेलं माणूससुद्धा "तो उंच, पांढऱ्या फेट्याचा, अमक्या गावाहून बैलगाडीनं आला होता" हे सांगतं. गाव मिळालं की अर्धं काम झालं, त्या गावात त्यांच्या भावाची नातवंडं असतील आणि तिथे "आमची एक आत्या तिकडे दिली होती" हे कुणालातरी माहीत असतंच. आपल्याकडे सासरी बाईचं पहिलं नावसुद्धा बदलायचे, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून, त्यामुळे सासरच्या कागदांत तिचं जन्मनाव सापडायची आशा कमीच. ते माहेरीच शोधायला हवं.

गाव कळल्यावर सरकारी कागद. शाळेत एखादं वर्ष जरी गेल्या असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरला माहेरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख मिळेल (तारीख मास्तरांनी अंदाजे टाकलेली असू शकते, तेवढं धरून चला). नाहीतर कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद, ती तहसीलच्या रेकॉर्ड रूमला असते. जुनी असेल तर मोडी लिपीत असेल आणि बऱ्याचदा बाळाचं नाव नसतंच, "अमक्यास मुलगी" एवढंच. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोकांनी ही दफ्तरं इतकी उपसलीत की बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाईटवर त्यांची स्कॅन केलेली पानं आली आहेत आणि मोडी वाचून देणारेही आता तालुक्याच्या गावात सापडतात. हौस असेल तर स्वतः शिका, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होतात.

आणखी एक जागा. तुमच्याकडचं कुणी अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला नाशिक-त्र्यंबकला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत नोंद असण्याची शक्यता आहे, गाव आणि आडनाव सांगितलं की ते बाड काढतात. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडच्या वाचकांनी हेळव्यांना विचारावं, बैलावर बसून येणारे हेळवी पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांची नावं सांभाळत आलेत. पण या वह्यांतही पुरुषांचीच नावं जास्त, हे आधीच सांगते.

गंमत बघा, श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावीच लागतात, वडील-आजोबा-पणजोबांच्या बरोबरीनं. म्हणजे जिथे रीतसर श्राद्ध होतं त्या घराच्या गुरुजींच्या वहीत तीन पिढ्यांच्या बायका, सासरच्या नावानं का होईना, लिहिलेल्या असतात आणि त्याच घरच्या छापील वंशावळीत मात्र नसतात. मला विचाराल तर चुलत सासऱ्यांशी भांडू नका, त्यांनी मेहनत केलीय. त्यांचीच प्रत घ्या, प्रत्येक नावाच्या शेजारी पेननं बायकोचं नाव, माहेरचं नाव, गाव लिहा, लेकींच्याही फांद्या काढा, आणि त्या पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाका. चुका काढायला का होईना, लोक बोलायला लागतील, आणि अशी चुका काढणारी माणसंच खरी माहिती देतात.

बाबा जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या व्हॉइस नोट्स माझ्या फोनमध्ये आहेत, "दूध आणलंस का", "पोचलास की फोन कर" अशाच. त्यांचा नंबर चालू ठेवू की बंद करू? बंद केला तर सगळं जाईल का? – पुणे

तुमच्या फोनमधल्या नोट्स त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप अकाउंट बंद झालं म्हणून जात नाहीत, पण तुमचा फोन बिघडला, हरवला, बॅकअप नीट झाला नाही तर जातात. म्हणून आजच बाहेर काढा. त्या चॅटमध्ये डिसअपिअरिंग मेसेज (ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाणारे) चालू नाही ना हे आधी बघा. मग एक्स्पोर्ट चॅट करून मीडियासकट स्वतःला मेल करा, पण चॅट फार मोठं असलं तर जुना भाग त्यात येत नाही, त्यामुळे महत्त्वाच्या नोट्स एकेक करून शेअर करून वेगळ्या सेव्ह केलेल्या बऱ्या. फायलींची नावं नुसते आकडे असतात, ती बदला: "२०२४ गणपती, मोदक किती झाले विचारताना" असं काहीतरी. आत्ता तुम्हाला सगळं लख्ख आठवतंय, काही वर्षांनी कुठली नोट कधीची हे सांगता येणार नाही. एक कॉपी कंप्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, एक बहिणीकडे.

नंबरचं असं आहे की बँक, पेन्शन, विमा, गॅस सगळीकडचे ओटीपी त्याच्यावर येतात, त्यामुळे वारसाची कामं संपेपर्यंत रिचार्ज मारत राहा, किंवा मृत्यूचा दाखला देऊन नंबर आईच्या नावावर करून घ्या. सिम साधारण ९० दिवस अजिबात वापरलं नाही, बॅलन्सही नसला, की कंपनी बंद करते आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. व्हॉट्सअ‍ॅप १२० दिवस न उघडलेलं अकाउंट काढून टाकतं. मग एखाद्या सकाळी तुमच्या फोनवर "बाबा" या नावापुढे कुठल्यातरी अनोळखी पोराचा गॉगलवाला डीपी दिसतो, आणि याचा धक्का बसलेले लोक मी पाहिलेत. नंबर सोडायचा ठरला तर त्याआधी कॉन्टॅक्टचं नाव बदला, घरातल्या सगळ्यांना सांगून बदला.

गुगलचं पण बघा. त्यांच्या जीमेलला फोटो असतील तर लक्षात ठेवा, दोन वर्षं कुणी न वापरलेलं अकाउंट गुगल डिलीट करू शकतं. आणि हे वाचून झालं की स्वतःच्या अकाउंटमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर लावून ठेवा. आपण इतके महिने गायब असलो तर कुणाला कळवायचं, काय काय द्यायचं हे त्यात ठरवता येतं, १० जणांपर्यंत नावं देता येतात. घरात विषय काढला तर "काहीतरी अभद्र बोलू नकोस" म्हणतील, म्हणून गुपचूप करा.

"दूध आणलंस का" ही नोट अजिबात डिलीट करू नका. आशीर्वादाचे मेसेज सगळ्यांकडे असतात.

आईचं वर्षश्राद्ध आहे. भाऊ स्मरणिका काढतोय आणि त्यात आई प्रेमळ, मायाळू, कुटुंबवत्सल वगैरे. ताई, आमची आई अतिशय तापट होती. वहिनीला तिनं वीस वर्षं धड बोलू दिलं नाही, मलाही लागेल असं बोलायची. आणि तरी ती गेल्यापासून मला घरात करमत नाही. मी खोटं लिहू का? का लिहूच नको? – मिरज

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि खरं सांगू का, या अंकातलं सगळ्यात प्रेमाचं पत्र तुमचंच आहे.

"प्रेमळ, मायाळू, कुटुंबवत्सल" हे शब्द पेपरातल्या पुण्यस्मरणाच्या चौकटीतून येतात, चौकातल्या फ्लेक्सवरून येतात, फोटो बदलला की कुणालाही बसतात. त्यात खोटं असं काही नसतं हो, पण माणूसच नसतं. तुमची आई वाचणाऱ्याला दिसायला हवी असेल तर विशेषण एकही वापरू नका, प्रसंग लिहा. ती चिडल्यावर नेमकं काय करायची, भांडी आपटायची का अबोला धरायची, आणि अबोला कसा सुटायचा? पैसे कुठे ठेवायची? कुणाकडे ती अजिबात जायची नाही आणि का? भाजीवाल्याशी कशी बोलायची? रागावलेल्या आईनं आजारपणात रात्रभर बसून काढलेली असते आणि ते दोन्ही एकाच बाईनं केलेलं असतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, मधे "पण" घालून तिला सोडवायला जाऊ नका.

आता वहिनींचं. छापील स्मरणिका पाहुण्यांत वाटली जाते, त्यामुळे वहिनींच्या वाट्याचं दुःख त्यांना न विचारता त्यात घालायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि भावालाही नाही. पण "सुनेला मुलीसारखं मानलं" हे वाक्य मात्र कापायला लावा. ते वाक्य वहिनी स्वतःच्या हातानं पाहुण्यांना वाटणार आहेत, जरा विचार करा. बाकीचं सगळं, कडू-गोड, एका साध्या वहीत लिहा, घरातच राहू दे. वहिनींनाही दोन पानं द्या, भरली तर भरली.

आणि हे फक्त तुमच्यासाठी नाही, अशी अजून पत्रं आहेत, एकीचे वडील प्यायचे आणि मारायचे. माणूस गेलं म्हणून सगळं माफ करायलाच पाहिजे असा काही शास्त्राचा नियम नाही. पिंडाला कावळा शिवला नाही तर काय राहून गेलं म्हणून आपण हात जोडून विचारतो ना, म्हणजे जाणाऱ्याचं काही बाकी राहतं हे तर आपण मान्यच केलंय. राहणाऱ्याचंही राहतं.

मावशी-मामांकडून आठवणी गोळा करताना "आईबद्दल काहीतरी सांगा" म्हणू नका, लगेच भाषण सुरू होतं. हातात वस्तू द्या. तिची पर्स, चष्म्याचं घर, एखादी साडी, नाहीतर गावातल्या घराचा फोटो, आणि फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा. "ही साडी कुणी घेतली होती?" यावर अर्धा तास सहज निघतो, त्यात दोघी बहिणींचं वाजलं तर तेही रेकॉर्ड होऊ दे.

आम्ही न्यू जर्सीत. आजी गेली तेव्हा येता आलं नाही. तिथी नक्की माहीत नाही, इथे गुरुजी वेळेवर मिळत नाहीत. मुलांना काय सांगू?

तिथी माहीत नसली तर सर्वपित्री अमावास्या आहेच, ती त्यासाठीच आहे. आजी आजोबांच्या आधी गेल्या असतील तर अविधवा नवमीही चालते, घरच्यांना विचारा. गुरुजी नसले तर स्वयंपाक करा. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, गवार, भोपळा आणि तिच्या आवडीचा एक पदार्थ, मग तो पिझ्झा असला तरी, आमच्या ओळखीच्या एका आजोबांच्या ताटात दर वर्षी भेळ असते. त्या दिवशी भारतातल्या एखाद्या आत्या-काकाला व्हिडिओ कॉल लावा, मुलांना एकच प्रश्न विचारायला सांगा: आजी लहानपणी काय खोड्या करायची? मुलांना "आजी देवाघरी" यापेक्षा आजीनं कैऱ्या चोरल्या हे जास्त लक्षात राहतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये वडील कोविडनं गेले. घाईत आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून लावला, तो बघवत नाही. आता बदलला तर चालेल का? – नांदेड

चालेल. आजच बदला. त्यांच्या मित्रांकडे, ऑफिसच्या सहलीच्या, भाचीच्या लग्नाच्या फोटोंत शोधा, पन्नास जणांच्या घोळक्यात हसताना दिसले तरी स्टुडिओवाला तेवढंच कापून नीट मोठं करून देतो. आईला आधी दाखवा.

आजोबांचा जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, एका कोपऱ्यात बुरशी आहे. सोडवायचा कसा? – चिपळूण

ओढू नका, पाण्यात तर मुळीच घालू नका, चेहऱ्याचाच थर काचेला चिकटून निघेल. मागचा पुठ्ठा तेवढा हळूच काढा, आणि काचेसकटच त्याचा फोटो घ्या, सावलीत, फ्लॅश बंद, जरा तिरपं धरून म्हणजे चकाकणार नाही. स्कॅनर असेल तर काच खाली करून ६०० डीपीआयला स्कॅन करा. ती कॉपी नीट आल्यावरच सोडवायचा विचार, तोही जाणकाराकडून. नवीन प्रिंट फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड कागदाची चौकट घालायला सांगा, आणि कोकणात पावसाळ्यात भिंत ओलावते तर बाहेरच्या भिंतीवर लावूच नका. फोटोच्या मागे नाव, गाव, अंदाजे साल लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, बॉलपेन पुढून उमटतं.