वाचकांचे प्रश्न : दिवस रिकामे वाटू लागतात तेव्हा कोणते पुस्तक उघडावे?

प्रश्न : प्रभूमध्ये सलाम. मी ६२ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून नागपुरात सदर भागात राहते. गेल्या पावसाळ्यात माझे यजमान प्रभूमध्ये निजले. मुलगा पुण्याला आणि मुलगी बंगळुरूला असते. दोघेही रोज फोन करतात, पण फोन ठेवल्यावर घर अधिकच शांत होते. मंडळीतील भगिनींनी मोठ्या प्रेमाने मला चार-पाच पुस्तके आणून दिली. त्यांत विजयी जीवनाबद्दल आणि आयुष्याचे ध्येय कसे ठरवावे याबद्दल पुष्कळ लिहिले आहे. परंतु ती वाचताना आपलाच विश्वास कमी पडतो आहे, असे वाटून मी पुस्तक मिटून ठेवते. लहानपणापासून पाठ असलेले ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे बायबलमधील २३वे स्तोत्र म्हणतानाही मन कोरडे राहते. यजमान पंचवीस वर्षे संडे स्कूल घेत असत आणि मुलांना सांगायच्या शास्त्रातील गोष्टी ते आपल्या इकडच्या बोलीत दोन वह्यांमध्ये लिहीत होते. ते काम अर्धवटच राहिले. ते कपाट मी अजून उघडलेले नाही. अशा अवस्थेत एखादे पुस्तक माणसासाठी खरोखर काही करू शकते का? करू शकत असेल तर कोणते?
— एक वाचिका, सदर, नागपूर

उत्तर : ताई, करू शकते; मात्र ते फार सावकाश करते आणि आपण जिथे उभे आहोत तिथूनच त्याला सुरुवात करावी लागते. तुम्हाला मिळालेली पुस्तके वाईट नाहीत. ज्यांच्यापुढे अनेक वाटा आहेत आणि त्यांतील एक निवडायची आहे, अशा माणसांसाठी ती लिहिलेली असतात. ज्या बाईला आजची रात्र कशी जाईल याची चिंता आहे, तिला पहिल्याच प्रकरणात पुढील वर्षाचा संकल्प विचारला, तर तिला आपण उणे आहोत असेच वाटणार. हा तुमच्या विश्वासाचा दोष नव्हे. ती पुस्तके सध्या बाजूला ठेवा, आणि ती देणाऱ्या भगिनींना आपण ती पुढे कधीतरी वाचू असे मोकळेपणाने सांगा.

२३वे स्तोत्रही काही दिवस राहू द्या. त्याऐवजी ८८वे स्तोत्र उघडा आणि ते मोठ्याने वाचा. स्तोत्रसंहितेतील बहुतेक विलापगीते शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते. ज्यांनी ही १५० स्तोत्रे एकत्र केली त्यांना ते वगळता आले असते, पण त्यांनी ते वगळले नाही. देवापुढे केलेली तक्रारसुद्धा प्रार्थनाच असते, हे शास्त्राने स्वतःच मान्य केले आहे, आणि माझ्या मते शोकात असलेल्या विश्वासणाऱ्याला सर्वांत आधी हेच कळायला हवे. त्यानंतर १३वे वाचा, मग ४२वे वाचा. २३व्या स्तोत्राकडे तुम्ही आपोआप परत याल. त्यासाठी स्वतःला ओढत नेऊ नका.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. शिक्षिका असल्यामुळे त्यातील काही भाग तुम्ही कदाचित वर्गात शिकवलाही असेल, आणि म्हणूनच ते पुन्हा, आता स्वतःसाठी, वाचावे असे मी आग्रहाने सांगतो. त्यातील विनोद आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो; त्याच्या तळाशी असलेले दुःख मात्र घाईच्या वाचनात निसटून जाते. त्यांचे यजमान, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, १९१९ साली गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीला पोहोचलेल्या होत्या. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते; अक्षरओळख झाली तीच मुळी लग्नानंतर, नवऱ्याच्या हट्टामुळे. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते आणि ‘ख्रिस्तायन’ या नावाच्या त्या महाकाव्याचे दहा-अकरा अध्याय होतात न होतात तोच ते गेले. पुढे लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले आणि ६४ अध्याय लिहिले. स्वतःच्या आठवणी लिहिल्या त्याही आयुष्याच्या संध्याकाळी. त्या १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाल्या, आणि १९३६ सालीच लक्ष्मीबाईही गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर आले ते १९३८ साली, म्हणजे ते पुस्तकरूपात पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या बाईंनी वैधव्यात आपल्या जीवनाचे ध्येय शोधायला सुरुवात केली, असे मला कुठेही दिसत नाही. त्यांच्या घरात एक अर्धवट काम पडून होते, ते आपले आहे हे त्यांनी ओळखले आणि जमेल तसे पुढे नेले. तुमच्या पत्रातील त्या दोन वह्यांचा उल्लेख वाचल्यापासून मला हेच सारखे आठवत आहे. आजच कपाट उघडा, असे मी म्हणणार नाही, कारण त्याची वेळ फक्त तुम्हालाच कळेल. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाल्यावर एखाद्या सकाळी यजमानांच्या वह्यांतील एकच गोष्ट काढून वाचून पाहा आणि यजमान ती मुलांपुढे कशी सांगत असत, ते आठवून समासात दोन ओळी लिहा. तुम्ही आयुष्यभर मुलांना शिकवले आहे. गोष्ट कुठे अडते आणि कुठे रंगते, हे तुमच्याइतके कोणाला कळणार?

पंडिता रमाबाईंबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण पुस्तक आणि श्रम यांचे नाते त्यांच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. सिल्चरला असताना नवऱ्याच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले आणि त्यांनी ते आवडीने वाचले. हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत नोंदवले आहे. त्या छोट्या पुस्तकापासून सुरू झालेली वाट अनेक वर्षांनी केडगावला त्यांनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनपर्यंत पोहोचली. खेड्यातील अल्पशिक्षित बायकांना समजेल असे शास्त्र मराठीत असावे, म्हणून त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर एकटीने करायला बसल्या. जुलै १९२१मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. एप्रिल १९२२मध्ये त्या स्वतः गेल्या. मधल्या आठ-नऊ महिन्यांतही ते काम त्यांनी सोडले नाही. मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी जुळवलेले ते शास्त्र १९२४ साली पूर्ण प्रसिद्ध झाले. एकुलती एक लेक गमावलेली आई एखाद्या ओळीसाठी साधा मराठी शब्द शोधत बसली आहे, हे चित्र मला कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक धीर देते.

वाचनाची वेळ पहाटेची ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी कूलरच्या आवाजात मन लागत नाही आणि रात्री एकटेपणा वाढतो. रोज तीन-चार पानेच वाचा. जे वाक्य मनात अडकेल ते तारखेसह वहीत उतरवा आणि त्या दिवशीच्या फोनवर मुलीला वाचून दाखवा. आणखी एक गोष्ट निक्षून सांगतो : झोप आणि भूक अनेक आठवडे हरवलेली असेल, तर पुस्तकाच्या आधी डॉक्टरांकडे जा आणि हे सगळे त्यांना सांगा. त्यात विश्वासाची उणीव मुळीच नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, असेच परंपरा सांगत आली आहे.

प्रश्न : मी महाल भागात राहणारा २४ वर्षांचा तरुण असून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. दोन प्रयत्न वाया गेल्यामुळे मन खचले आहे. सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मला ‘नवा करार’ मिळाला. त्यातील येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचल्यावर बरे वाटले, म्हणून मी ते रोज वाचू लागलो. आम्ही हिंदू आहोत. बाबांनी पुस्तक पाहिले आणि ते फार रागावले. धर्म बदलण्याचा माझा कोणताही विचार नाही. मी असे पुस्तक वाचणे चूक आहे का?
— एक विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : चूक नाही. परंतु तुमच्या बाबांची भीती निराधार आहे असे सांगून मी तिची बोळवण करणार नाही, कारण याच शहराशी जोडलेली एक घटना त्यांच्या बाजूने साक्ष देईल. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाने बोलता बोलता त्यांना ‘नवा करार’ दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी तो सुरुवातीला केवळ शब्द पाळण्यासाठी वाचला. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर मात्र त्यांना ते पुस्तक खाली ठेवता येईना. फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर दुभंगले, आणि लक्ष्मीबाई व ते काही वर्षे वेगळे राहिले. हे सगळे मी लपवून ठेवले, तर तुमच्याशी प्रामाणिक राहिलो असे म्हणता येणार नाही.

पण हीच पाने वाचून दुसऱ्या वाटेने गेलेली माणसेही आपल्या अगदी जवळची आहेत. गांधीजींनी हे प्रवचन इंग्लंडमध्ये विद्यार्थी असताना वाचले आणि ते थेट त्यांच्या हृदयाला भिडले; ते आयुष्यभर हिंदू राहिले आणि त्या वचनांवरचे त्यांचे प्रेमही आयुष्यभर टिकले. १९३६पासून त्यांचा मुक्काम इथून फार दूर नसलेल्या सेवाग्रामला होता. पवनारच्या विनोबांनी बायबलमधील वचने निवडून ‘ख्रिस्तधर्मसार’ तयार केले. स्वामी विवेकानंदांनी तर १८८९ साली थॉमस अ केंपिस या पंधराव्या शतकातील साधूच्या, ख्रिस्ताच्या अनुकरणाविषयीच्या ग्रंथाचे बंगाली भाषांतर सुरू केले होते, आणि परिव्राजक म्हणून हिंडताना गीतेबरोबर तो ग्रंथही त्यांच्यापाशी असे. टिळकांचे वाचन प्रामाणिक होते, तसेच या तिघांचेही होते. पुस्तक वाचणाऱ्याला कुठे नेईल, हे देणाऱ्याच्या हाती नसते आणि अडवणाऱ्याच्याही हाती नसते.

म्हणून बाबांपासून लपवून वाचू नका. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि मत्तयच्या शुभवर्तमानातील पाच ते सात हे तीनच अध्याय त्यांना वाचून दाखवा; ज्याची भीती वाटते ते स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर पुष्कळ निवळते. ते ऐकायला तयार नसतील, तर विनोबांच्या पुस्तकापासून सुरुवात करा. पुढे तुम्हाला वाचायचे असेल तर मार्कचे शुभवर्तमान घ्या. ते सर्वांत लहान आहे. त्याचे सोळा अध्याय दोन बैठकांत वाचून होतील. परीक्षेविषयी इतकेच सांगतो की, उद्याची चिंता करू नका असे सांगणारे हे प्रवचन आजचे काम टाळण्याची मुभा कुठेही देत नाही. उलट, ऐकून त्याप्रमाणे वागणाऱ्यानेच खडकावर घर बांधले, असे म्हणून ते संपते. अपयशाने तुमची किंमत ठरत नाही, एवढा दिलासा त्यातून घ्या आणि वेळापत्रक पाळा.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या ग्रंथालयात दोन कपाटे भरून पुस्तके आहेत, पण कोणी नेत नाही. तरुणांमध्ये वाचनाची गोडी लागावी म्हणून नवीन पुस्तके घ्यावीत, असा युवक संघाचा विचार आहे. कोणती घ्यावीत?
— युवक संघाचा एक कार्यकर्ता, नागपूर

उत्तर : या वर्षी एकही घेऊ नका. कपाटाचे कुलूप काढा आणि दर रविवारी उपासनेनंतर वीस मिनिटे एकाने मोठ्याने वाचावे व बाकीच्यांनी ऐकावे, अशी व्यवस्था करा. मराठी ख्रिस्ती साहित्याचा उगमच ऐकण्यातून झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ रविवारी आणि सणाच्या दिवशी देवळात लोकांना म्हणून दाखवला जात असे. एकांतात चाळायचे पुस्तक म्हणून तो रचलेलाच नव्हता. त्याची जुनी मराठी आजच्या मुलांना जड जाईल, पण अर्थ सांगणारी एखादी जाणती व्यक्ती असेल तर पंधरा-वीस ओव्या अवश्य ऐकवा. मुख्य वाचनासाठी बन्यनची यात्रेकरूची कथा निवडा. तुरुंगवास भोगलेल्या या उपदेशकाचे हे पुस्तक १६७८ साली इंग्रजीत निघाले आणि हरि केशवजींनी ते १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणले. तिचे कोणतेही सोपे मराठी रूप तुमच्या कपाटात असेल, तर ते चालेल. पाठीवर ओझे घेऊन घराबाहेर पडलेला माणूस तरुणांना पहिल्याच पानावर ओळखीचा वाटतो.

वाचणारा दर आठवड्याला बदला आणि ज्याला वाचताना अडखळायला होते त्यालाही पाळी द्या. वाचन झाल्यावर पाळकसाहेबांनी लगेच तात्पर्य सांगू नये, अशी त्यांना नम्र विनंती करा; पाच मिनिटे मुलांनाच बोलू द्या. पहिल्या रविवारी चारच जण बसले, तरी दुसऱ्या रविवारची पाळी कोणाची, हे उठण्यापूर्वी ठरवून घ्या.