लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर किती, आणि परतीच्या प्रवासाला कमी वेळ का लागतो?

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर असून, न्यूयॉर्ककडे जाताना वेळापत्रकात साधारण ८ तास आणि लंडनकडे परतताना साधारण ७ तास धरलेले असतात. हा फरक जेट स्ट्रीममुळे पडतो: उत्तर अटलांटिकवर साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, ते परतताना विमानाच्या पाठीशी असतात आणि जाताना समोरून येतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या साथीने ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. अर्थात हा अपवादच, त्यावर पुढची गाडी ठरवू नये. वाऱ्यांचा अंदाज पाहून अटलांटिकवरील मार्गही रोज नव्याने आखले जातात, त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर वरील आकड्याहून थोडे अधिक भरते. तिकिटावरील वेळा मात्र त्या त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार असतात: लंडनहून सकाळी ११ वाजता निघून न्यूयॉर्कला दुपारी २ वाजता पोहोचणारे विमान ३ नव्हे, ८ तास उडते, कारण दोन्ही शहरांत ५ तासांचा फरक आहे. मार्चमधील दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा हा फरक ४ तासांचा होतो, कारण अमेरिका आणि ब्रिटन आपली घड्याळे वेगवेगळ्या रविवारी बदलतात.