पूर अस्मानी, पण हौद कोणाचा?

प्रश्न : आमच्या विहिरीला लागून कापड रंगवण्याचा कारखाना आहे. पुरात त्याचा सांडपाण्याचा हौद फुटला. पूर ओसरला, पण विहिरीचं पाणी तांबूस येतं, वासही मारतं. मालक म्हणतो, 'पूर अस्मानी, माझा काय दोष?' टँकर पाठवायला तयार आहे, पण एका कागदावर सही मागतो. करू का?

उत्तर : नका करू. टँकर घ्या, पोच द्या. पोचेवर फक्त तारीख आणि 'पाणी मिळालं' एवढंच. असल्या कागदाच्या तळाशी 'यापुढे माझी काही तक्रार नाही' हे वाक्य हमखास दडलेलं असतं.

आता 'अस्मानी'चं. साध्या नुकसानीच्या दाव्यात हा बचाव कधीकधी चालतो. घातक पदार्थ बाळगणाऱ्या उद्योगाला मात्र तो मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ओलियम (तीव्र गंधकाम्ल) वायुगळती प्रकरणात १९८६ साली सांगितलं. तुमच्या जास्त जवळचं प्रकरण राजस्थानातल्या बिछडी गावचं. कारखान्यांचं विषारी सांडपाणी आणि उघड्यावर टाकलेला गाळ जमिनीत मुरून तिथल्या विहिरी काळवंडल्या. १९९६च्या निकालात निस्तरण्याचा खर्च कारखान्यांवर टाकला गेला. राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, २०१० सालच्या कायद्यातली 'अपघाता'ची व्याख्याही वाचण्यासारखी आहे. केवळ युद्ध किंवा नागरी अशांततेमुळे झालेला अपघात तिने वगळलाय. पुराचं नाव त्यात नाही.

खरी अडचण पुराव्याची. पुराचं पाणी येताना शौचालयांची घाणही विहिरीत आणतं. नुसते ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतले जंतू, सापडले तर मालक ते वस्तीवर ढकलेल, आणि त्यात त्याचं चुकणारही नाही. म्हणून जंतूंबरोबर रासायनिक तपासणीही हवी. रंगाच्या रसायनांचा माग घ्यायला प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा. कारखान्याच्या वरच्या अंगाची, पुरात बुडालेलीच एखादी विहीर तुलनेला घ्या. दोन्हींत जंतू आणि रंग फक्त तुमच्यात, तर निम्मं काम झालं.

नमुना घेईपर्यंत विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकू नका, उपसाही करू नका. अशिलांची ही चूक मी फार पाहिली आहे: आधी विहीर लख्ख करतात, मग वकील शोधतात. तोवर ते पाणी पिऊ मात्र नका. उकळून जंतू मरतात, रसायनं जात नाहीत.

हौदातला नमुना स्वतः काढायला जाऊ नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १९७४च्या जल कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याने मालकाला नोटीस देऊन, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करायचे असतात. त्यात कसूर झाली तर सांडपाण्याचा तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

भरपाईसाठी लवादाकडे जायला पाच वर्षांची मुदत आहे. भूजल सावकाश सरकतं, शेजारच्या विहिरींत रंग पुढे कधीतरी उतरू शकतो. त्यांनाही नमुने घेऊन ठेवायला सांगा. पण हौदाची फुटकी भिंत काही पाच वर्षं तशी राहणार नाही. गवंडी यायच्या आत, तुमच्या हद्दीत उभं राहून, तारखेसह तिचे फोटो काढा.