पास्ता कच्चा तोलावा की शिजल्यावर?

तुम्ही विचारले आहे की कॅलरी मोजताना पास्ता कच्चा तोलावा की शिजल्यावर, ॲपमध्ये दोन्हींचे आकडे इतके वेगळे का दिसतात, आणि चौघांचे एकाच पातेल्यात शिजत असेल तर आपला वाटा कसा काढावा. कच्चा तोलावा. शिजलेल्या पास्त्याचे वजन म्हणजे निम्म्याहून अधिक पाण्याचे वजन असते, आणि हे मी स्वयंपाकघरात शिकलो नाही. सिंधुदुर्गातल्या एका भात खरेदी केंद्राच्या काट्यावर माझी सत्तावीस वर्षे गेली, तिथे शिकलो.

शासकीय खरेदीत भाताच्या ओलाव्याची मर्यादा १७ टक्के असते. त्याहून ओले भात घेतले तर पाण्याचे पैसे धान्याच्या दराने मोजले जातात आणि वर गोदामात बुरशी धरते, म्हणून यंत्रावरचा आकडा पाहिल्याशिवाय मी गोणी काट्यावर चढवू देत नसे. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने अनेकांचे भात खळ्यावर भिजले, आणि त्याच पंधरवड्यात माझे थोरले मेहुणे टेम्पो भरून भात घेऊन आले. यंत्राने १९.४ दाखवले. म्हणजे १७ टक्क्यांच्या हिशेबाने क्विंटलमागे जवळजवळ तीन किलो पाणी जादा. मी भात परत पाठवले, आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने गोण्या माघारी धाडल्या म्हणून त्यानंतरचे दोन गणपती ते आमच्या घरी आले नाहीत.

हे येथे सांगण्याचे कारण असे की गेल्या वर्षी साखर वाढल्यामुळे माझ्यावर आहार मोजण्याची वेळ आली. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावर 'पास्ता ८० ग्रॅम' एवढेच लिहिले होते. कच्चा की शिजलेला, असे मी विचारले, तेव्हा 'काका, इतके काटेकोर नका होऊ' असे हसून उत्तर मिळाले. मे महिन्यात नाती आल्या की आमच्याकडे दिवसाआड पास्ता होतो, आणि मी तीन आठवडे शिजलेला ८० ग्रॅम पास्ता तोलून घेत राहिलो. कोरड्या पास्त्यात १०० ग्रॅमला सुमारे ३५५ कॅलरी असतात, तेव्हा कच्च्या ८० ग्रॅममधून मला २८५च्या आसपास मिळायला हव्या होत्या; माझ्या ताटात १२५ सुद्धा जेमतेम येत होत्या. संध्याकाळी पोटात कावळे ओरडू लागत आणि मी डब्यातले खटखटे लाडू काढी, ज्यांची नोंद अर्थातच कोठेही होत नसे. काटेकोर माणसाने स्वतःच्या ताटात अशी चूक करावी, याची लाज मला अजून वाटते. पण एकक नसलेला आकडा लिहिणाऱ्यांना ती वाटली नाही, हेही नमूद करतो.

त्याच सुट्टीत मेहुणे आले होते (आता येतात). मी ताटलीत पास्ता तोलतो आहे हे पाहून त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले की, माणसाने डावाने वाढून घ्यावे, सोनाराच्या तराजूने जेवू नये. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर १०० ग्रॅम पेने अकरा मिनिटे शिजवला, निथळला आणि त्यांच्यासमोर तोलला: २२२ ग्रॅम. तोच पुन्हा गरम पाण्यात टाकून अर्धा तास ठेवला, निथळला, तोलला: २७१ ग्रॅम. पास्ता तोच, कॅलरी त्याच ३५५. पण शिजलेल्या १०० ग्रॅमचा हिशेब काढला तर पहिल्या वेळी १६० येतात आणि दुसऱ्या वेळी १३१. तुमच्या ॲपमध्ये शिजलेल्या पास्त्याच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, त्याचे एक मोठे कारण हेच आहे: प्रत्येकाने आपापल्या पातेल्यातले पाणी मोजलेले असते. मेहुण्यांनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे भावोजी, तुमच्या हिशेबात पाण्याक कधीच किंमत नाय." हसले सगळे, मीही हसलो, पण तो टोमणा पेनेवर नव्हता.

चौघांच्या पातेल्याचे असे करावे. रिकाम्या पातेल्याचे वजन एकदा घेऊन कोठेतरी लिहून ठेवावे. आमच्या भाषेत हे बारदान. काट्यावर रिकामे भांडे ठेवून शून्य करण्याची सोय असते, म्हणजे आपण ज्याला धडा करणे म्हणतो तेच. मात्र चार माणसांचे भरलेले पातेले काही घरगुती काट्यांच्या क्षमतेबाहेर जाते, तेव्हा दोन खेपांत तोलावे. समजा कोरडा पास्ता ३२० ग्रॅम घातला आणि निथळल्यावर, सॉस घालण्यापूर्वी, ७४० ग्रॅम भरला. तुम्ही ताटात २०० ग्रॅम घेतला, तर २०० ला ७४० ने भागून ३२० ने गुणावे: सुमारे ८६ ग्रॅम कोरडा पास्ता, म्हणजे ३०७ कॅलरी. ॲपमध्ये नोंद 'कोरडा' या नावाखालीच करावी आणि आकडा पाकिटावरचा घ्यावा. पाकिटावर वेगळे काही लिहिलेले नसेल तर तो कोरड्या मालाचाच असतो.

वाटीने मोजू नये. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण डावाने वाढणाऱ्यांचा पुढचा युक्तिवाद वाटीचाच असतो. एक वाटी मॅकरोनी आणि एक वाटी पेने यांचे वजन सारखे येत नाही, कारण लांब नळ्यांमध्ये पोकळी अधिक राहते. पायली-शेराच्या काळात मापावर भात देताघेताना माप हलवून भरायचे की अलगद, यावर भांडणे होत. मेहुण्यांच्या वडिलांनीच ती मला सांगितली आहेत.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मधुमेह असेल तर माझे आकडे घेऊन बसू नका, डॉक्टरांना विचारा, आणि ग्रॅम लिहून दिले तर ते कशाचे, हे वदवून घ्या. पास्ता अचूक तोलून त्यावर तेल अंदाजे ओतणार असाल तर सगळा खटाटोप वाया आहे. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, मोठ्या चमच्याला सुमारे १२०. आमची सौ. पास्त्यावर ओले खोबरे भुरभुरवते, आणि खवलेल्या ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला जवळपास कोरड्या पास्त्याइतक्याच कॅलरी असतात, हे मला खूप उशिरा कळले. सॉसचा हिशेब कसा ठेवावा, हे मला अजून नीट जमलेले नाही.

आणि तुमच्या घरी तोलण्यावर कोणी हसत असेल, तर १०० ग्रॅमचा प्रयोग त्यांच्यासमोर करून दाखवा. माझ्यापुरते सांगतो: त्या दिवशी यंत्रावर १९.४ च होते, मी तीन गोण्यांतून नमुने काढून पुन्हा पाहिले होते, आणि तेच भात चार दिवस कडक उन्हात वाळवून आणले असते तर मी सर्वांत आधी त्यांच्याच गोण्या काट्यावर घेतल्या असत्या.