‘तिच्यासारखं अजून कोणी असेल का?’

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरावीत आहे. फळ्यावरचं दिसेना म्हणून चष्म्याचे नंबर बदलत राहिलो आणि आता कळलं की रेटिनाचा (डोळ्यातल्या पडद्याचा) स्टारगार्ड नावाचा आजार आहे, चष्म्याने सुधारणार नाही. आमच्या पाहण्यात असा एकही माणूस नाही. ती मैत्रिणींशीही बोलेनाशी झालीय. तिच्यासारखे लोक कुठे भेटतील?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, मलाही स्टारगार्डच आहे, तुमचं पत्र मोबाइलकडून वाचून घेतलं आणि लगेच लिहायला बसले. साधारण आठ-दहा हजारांत एकाला हा आजार होतो, म्हणजे नुसत्या हिशोबाने सोलापूर शहरातच शंभरेक जण निघतील, पण ते ओळखू येत नाहीत कारण हातात काठी नसते आणि डोळे अगदी नॉर्मल दिसतात. यात नजरेचा मधला भाग जातो, कडेचं दिसत राहतं. म्हणून ती न धडपडता चालते, पण लग्नात समोरून हसत आलेली मावशी तिला ओळखू येत नाही आणि मग सगळे म्हणतात पोरगी शिष्ट झालीय. मैत्रिणींचंही तसंच झालं असणार, मला तरी तसंच वाटतंय.

मला पहिल्यांदा दुसरी स्टारगार्डवाली भेटली तेव्हा ती बोलताना माझ्या कानाच्या वर कुठेतरी बघत होती, कारण तिथे बघितलं की कडेच्या नजरेत माझा चेहरा येत होता, आणि मी पण तेच करत होते! तिनेच सांगितलं, मैत्रिणींना सरळ सांग की मला चेहरा दिसत नाही, नाव सांगून हाक मारा. हे डॉक्टरांनी कधी सांगितलं नव्हतं.

तर आधी तुमच्या रेटिनाच्या डॉक्टरांना विचारा की असे अजून पेशंट आहेत का, त्यांची परवानगी घेऊन आमचा नंबर त्यांना द्याल का. रेटिना इंडिया ही अशाच आजारांच्या पेशंटसाठीची संस्था आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये एक्सआरसीव्हीसी नावाचं केंद्र आहे, तिथे अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचं काम चालतं. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा, बारावीला लेखनिक आणि जादा वेळेसाठी कामी येईल.

एक मात्र कळकळीने सांगते. पेशंटच्या ग्रुपमध्ये कोणीतरी औषध विकायला येतोच, आणि नातेवाईक व्हिटॅमिन ए च्या गोळ्या, कॉड लिव्हर ऑइल आणून देतात. स्टारगार्डमध्ये व्हिटॅमिन ए चा जास्तीचा डोस नुकसान करू शकतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जेवणातलं गाजर चालेल. आणि घरात कोणालाच नाही मग हिलाच कसं, हे मनाला लावून घेऊ नका, बहुतेक वेळा आईवडील दोघांकडून एकेक बिघडलेला जीन येतो आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

तिच्यासारखी कोणी मुलगी सापडली की पहिला फोन तुमच्या मुलीला एकटीला करू द्या, तुम्ही त्या मुलीच्या आईशी वेगळं बोला.